विस्मरणाची सोय

२००७ च्या नवरात्रात ‘भूलभुलैया’ प्रदर्शित झाला, तेव्हा मराठीच्या एक प्राध्यापिका आपल्या धाकट्या बहिणीला आणि तिच्या यजमानांना घेऊन तो पाहायला गेल्या होत्या. चित्रपट भुताचा आहे अशा समजुतीने यजमानांनी आधी कुरकुर केली. भूत नसून आजार निघाला, तेव्हा तो सर्वांत जास्त त्यांनाच आवडला. परतताना रिक्षात बहीण बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, ‘‘पण ताई, तिला नंतर काय आठवतं?’’ यजमान म्हणाले, ‘‘अगं, बरी झाली ना ती! आता आठवायचंय काय त्यात?’’ विषय तिथेच संपला. प्राध्यापिकांच्या मनातून मात्र तो प्रश्न गेला नाही. पुढे अनेक वर्षे प्रेमकथांतील दुभंगलेल्या नायक-नायिकांविषयी त्यांनी जे वाचले, वर्गात जे बोलल्या आणि टिपून ठेवून जे कधी छापले नाही, त्या सगळ्याचे मूळ या एका प्रश्नात होते.

त्या वेळी बहिणीच्या आजाराला नाव नव्हते. किंवा असे म्हणावे लागेल, की नावे पुष्कळ होती आणि त्यातले एकही तिचे नव्हते. लहानपणी फिट्स म्हणून औषधे झाली, पुढे हिस्टेरिया झाला, सासरच्या एका थोरल्या बाईंनी अंगात येते असे ठरवून देवस्थानी नेले. कोणी एकाने ‘दुभंग व्यक्तिमत्त्व’ असा शब्द वापरला. पण मराठीत हा शब्द स्किझोफ्रेनियालाही सर्रास लावला जातो, आणि घरच्यांनी कोशात पाहून तोच अर्थ घेतला. वस्तुतः हे दोन आजार निराळे आहेत. स्किझोफ्रेनियात विचार, भावना आणि वास्तवाचे भान यांची सांगड तुटते. एका देहात आलटून पालटून वावरणाऱ्या अस्मिता हे त्याचे लक्षण नव्हे. ज्याला १९८० च्या अमेरिकन वर्गीकरणाने ‘मल्टिपल पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ आणि १९९४ च्या वर्गीकरणाने ‘डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर’ म्हटले, तो आजार स्मृती आणि अस्मिता यांच्या विघटनाचा आहे. नाव बदलण्यामागे एक विचार होता : प्रश्न व्यक्तिमत्त्वे अधिक असण्याचा नसून एकसुद्धा पुरते न जुळण्याचा आहे. प्रेमकथांनी हा नामबदल कधी मनावर घेतला नाही. त्यांना ‘अनेक’ हवे असतात.

‘भूलभुलैया’चे मूळ असलेला ‘मणिचित्रताळ’ (१९९३) हा फाझिल यांचा मल्याळम चित्रपट प्राध्यापिकांनी नंतर मुद्दाम मिळवून पाहिला. मधु मुट्टम यांची पटकथा आणि शोभना यांची राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारी भूमिका यांमुळे तो त्याच्या कन्नड, तमिळ, बंगाली आणि हिंदी अवतारांपेक्षा निःसंशय सरस आहे, असे त्यांचे मत झाले. त्यात गंगेच्या एकाकी बालपणाला जागा आहे. शिवाय भूत नाही, आजार आहे, असे लोकप्रिय चित्रपटाने ठामपणे सांगणे ही आपल्याकडे लहान गोष्ट नव्हे. (त्या हिंदी मालिकेतील २०२२ च्या दुसऱ्या चित्रपटात मंजुलिका पुन्हा खरेखुरे भूत झाली. पंधरा वर्षांत आजार मागे पडला आणि नाव तेवढे उरले.) तरीही दोन्ही चित्रपटांची बांधणी एकच आहे. सालस पत्नी, तिच्या देहात संचारणारी, सूडाने पेटलेली, शृंगारलेली नर्तकी, हतबल पती, चतुर डॉक्टर, आणि अखेरीस नर्तकीच्या हातात तलवार देऊन, माणसाच्या जागी पुतळा ठेवून घडवलेला खोटा वध. नर्तकी तृप्त होऊन निघून जाते, पत्नी परत येते. बहिणीच्या प्रश्नाला या बांधणीत जागाच नाही. शुद्धीवर आलेल्या स्त्रीला आपल्या आयुष्यातला किती काळ आपल्याजवळ नाही हे कधी कळले, कोणी सांगितले, तिने ते कसे सोसले, याबद्दल चित्रपट जवळजवळ काहीच बोलत नाही.

बहिणीच्या घरात नर्तकी नव्हती. तलवार नव्हती, घुंगरू नव्हते. कपाटात न आठवणारी एक साडी होती. पर्समध्ये एसटीचे तिकीट होते, ज्या गावाला गेल्याचे तिला आठवत नव्हते. वाण्याच्या यादीत साखर दोनदा लिहिलेली असे, एकदा उभ्या आणि एकदा तिरप्या अक्षरात. शेजारीण ‘‘काल तुम्ही म्हणालात तसंच केलं हं’’ असे म्हणे, तेव्हा बहीण हसून ‘‘हो का? मग कसं झालं?’’ असे विचारी आणि उत्तरातून आपण काय म्हणालो असू ते काढून घेई. या कलेत ती इतकी तरबेज झाली होती की सख्ख्या बहिणीला ती वीस वर्षे उमगली नाही. प्राध्यापिकांना वाटत असे, धाकटी जरा विसराळू आहे आणि गप्पिष्ट आहे, म्हणून समोरच्याला सतत प्रश्न विचारते.

फेलिदाची हकीकत त्यांनी वाचली ती या पार्श्वभूमीवर. बोर्दो येथील डॉक्टर एझेन आझाम यांनी १८५८ पासून या मुलीचे निरीक्षण केले आणि १८७६ मध्ये ते प्रसिद्ध केले. एका अवस्थेत ती खिन्न, अबोल, सतत दुखणाईत; दुसरीत आनंदी आणि मोकळी. दुसऱ्या अवस्थेला दोन्हींचे स्मरण असे, पहिलीला फक्त स्वतःचे. आझाम यांनी एक प्रसंग नोंदवला आहे : एका अंत्यविधीहून घोडागाडीतून परतताना फेलिदाला क्षणभर ग्लानी आली आणि ती पहिल्या अवस्थेत जागी झाली. आपण शोकाच्या गाडीत का बसलो आहोत, बरोबरच्या बायका कोणा मृताचे गुण गात आहेत, तिला काही ठाऊक नव्हते. सवयीने ती थांबली, चतुराईने दोन-चार प्रश्न विचारले, प्रसंग समजून घेतला. कोणालाही शंका आली नाही. प्राध्यापिकांनी हे वाचून पुस्तक मिटले. बोर्दोची ती गाडी आणि धाकटीच्या घराचा ओटा यांत त्यांना काही अंतर दिसेना.

भारतीय काव्यशास्त्राची एक संज्ञा त्यांना इथे उपयोगी वाटली. नाट्यशास्त्राच्या तेहतीस व्यभिचारी भावांत उन्माद आहे, अपस्मार आहे, स्मृती आहे. विस्मृती नाही. पण अवहित्था आहे : लज्जेने, भयाने किंवा गौरव राखण्यासाठी आपली अवस्था झाकणे, आकारगोपन. या विषयावरच्या प्रेमकथांची मूळ चूक त्यांनी एका वाक्यात टिपली आहे : या कथा उन्मादाच्या परंपरेत लिहिल्या जातात, आणि हा आजार अवहित्थेत जगला जातो. पुरूरवा वेलींना उर्वशीचा पत्ता विचारत हिंडतो, ते रंगमंचासाठी आहे, पाहणाऱ्यासाठी आहे. बहुसंख्य रुग्णांत अस्मितांमधला बदल असा उघड किंवा नाट्यमय नसतो; जवळच्यांनाही तो ‘मूड’ वाटतो. जे दिसू नये म्हणून माणूस आयुष्यभर झटतो, तेच कादंबरी पहिल्या प्रकरणात दिव्यांच्या झोतात उभे करते. याला केवळ अतिशयोक्ती म्हणता येणार नाही. ही दिशेचीच उलटापालट आहे.

असंभाव्यतेचा आक्षेप प्रेमकथेवर घ्यावा का, हा प्रश्न समीक्षेत जुना आहे, आणि प्राध्यापिका त्याबाबतीत उदार होत्या. शक्य असून न पटणाऱ्यापेक्षा अशक्य असून पटणारे बरे, हे ॲरिस्टॉटलचे म्हणणे त्या वर्गात आवडीने सांगत. सिडनी शेल्डनच्या ‘टेल मी युअर ड्रीम्स’ (१९९८) मध्ये एका तरुणीच्या देहात तिघी राहतात आणि त्यांतली एक खून करते; ते फुटपाथवर मिळणारे पुस्तक त्यांनी एका रात्रीत वाचून काढले होते, आणि ते तसे वाचण्यासाठीच लिहिलेले आहे असे त्या म्हणत. त्यांचा आक्षेप वैद्यकीय चुकांना नव्हता. आजार चुकीचा दाखवून कथा स्वतःची कोणती सोय करून घेते, हे त्यांना पाहायचे होते.

याचे उत्तर त्यांना ‘शाकुंतला’त मिळाले, म्हणजे जिथे ते नेहमीच होते. महाभारताच्या आदिपर्वात दुष्यंताला सगळे आठवत असते. लोकापवादाच्या भीतीने तो न ओळखल्याचे ढोंग करतो आणि आकाशवाणी झाल्यावर पत्नीचा स्वीकार करतो. कालिदासाने मध्ये दुर्वासाचा शाप आणि अंगठी घातली. विस्मरण बाहेरून आले, म्हणून राजा निर्दोष ठरला. सातव्या अंकात शापाची हकीकत कळल्यावर दोघांचेही मन हलके होते. म्हणजे शृंगारकथेत विस्मरण येते ते दोषमुक्तीसाठी. कोणीतरी असे काही केलेले असते की ते आठवत असताना त्याच्यावर प्रेम करणे वाचकाला जड जावे. विस्मरण ती अडचण दूर करते. कालिदासाने हे ज्या जबाबदारीने केले, ती पुढच्या लेखकांत नाही. त्याच्या शकुंतलेला राजसभेतला अपमान पुरता आठवतो, आणि नाटकाची शेवटची वेदना त्या आठवणीत आहे.

आधुनिक प्रेमकथेने शापाच्या जागी निदान आणून ठेवले. २०१५ साली जानेवारीतच दोन कोरियन मालिका याच कल्पनेवर सुरू झाल्या, ‘हाइड, जेकिल, मी’ आणि ‘किल मी, हील मी’. दुसरी अनेक वर्षांनी धाकटीच्या मुलीने मावशीला दाखवली. त्यात एका श्रीमंत घराण्याच्या वारसाच्या ठायी सात व्यक्तिमत्त्वे आहेत. मूळचा तरुण सौम्य आणि संकोची. त्याचे एक रूप, शिन से-गी, डोळ्यांत काजळ घालणारे, उर्मट आणि प्रेमात आक्रमक. त्याची गुप्तपणे चिकित्सा करणारी नायिका मनोविकारशास्त्राची शिकाऊ डॉक्टर. रुग्ण आणि चिकित्सक यांचे प्रेम हा व्यवसायनीतीचा उघड भंग आहे, याचे मालिकेला फारसे ओझे वाटत नाही. प्राध्यापिकांनी कबूल केले की मालिका रंजक आहे आणि बालपणातील अत्याचाराला तिने कथेच्या केंद्रस्थानी ठेवले आहे. पण नायिकेला, आणि तिच्यामार्फत प्रेक्षकाला, यात एकाच देहात सभ्य वर आणि धटिंगण प्रियकर दोन्ही मिळतात. व्यभिचार घडत नाही आणि चोखंदळपणाही करावा लागत नाही. ही सोय किती मोठी आहे हे त्या भाचीला समजावू लागल्या, तेव्हा ती म्हणाली, ‘‘मावशी, तू प्रत्येक गोष्टीचा पेपर काढतेस.’’

सोयीची दुसरी बाजू फेलिदाने पाहिली होती. आनंदी अवस्थेत तिचे एका तरुणावर प्रेम जडले आणि तिला दिवस गेले. खिन्न अवस्थेतली फेलिदा वाढणाऱ्या पोटाची तक्रार घेऊन डॉक्टरकडे आली. तिला काहीच ठाऊक नव्हते. शेजारच्या बाईने निर्दयपणे सत्य सांगितले तेव्हा तिला जबर झटके आले. पुढे तिचे त्याच तरुणाशी लग्न झाले. रूपरेषा सांगितली तर ही सुखान्त प्रेमकथा आहे. संमती कोणाची होती, हा प्रश्न विचारताक्षणी ती प्रेमकथा राहत नाही. प्राध्यापिकांना या जागी दरवेळी मेहुण्यांचे एक वाक्य आठवे. बहिणीनेच ते त्यांना सांगितले होते. एका सकाळी यजमान चहा घेताना खुशीत म्हणाले होते, ‘‘काल कशी छान मोकळी होतीस!’’ त्यांनी ते प्रेमानेच म्हटले होते. बहिणीला काल रात्र नव्हती. ती न्हाणीघरात जाऊन पाण्याचा नळ सोडून रडली.

प्रेमकथेचा तिसरा घटक डॉक्टर. त्याचे घराणेही जुने आहे. बोस्टनच्या मॉर्टन प्रिन्स यांनी १९०६ मध्ये ‘मिस बोशां’ या टोपणनावाच्या रुग्णेवर ग्रंथ लिहिला, तो कादंबरीसारखा वाचला गेला. तिच्या अनेक रूपांतली ‘खरी’ मिस बोशां कोणती, हे प्रिन्स यांनी ठरवले. खट्याळ, निडर ‘सॅली’ला जावे लागले. रुग्णेचे पुढे बोस्टनमधल्याच एका डॉक्टरशी लग्न झाले. १९५७ च्या ‘द थ्री फेसेस ऑफ ईव्ह’ने हा साचा जगभर नेला : गरीब बिचारी, उनाड आणि समंजस अशा तिघींतून समंजस तेवढी उरते आणि तिला नवरा मिळतो. जोॲन वुडवर्ड यांना त्यासाठी ऑस्कर मिळाले. ज्या स्त्रीवरून ही कथा घेतली, त्या क्रिस कॉस्टनर साइझमोर यांनी १९७७ मध्ये स्वतःचे पुस्तक लिहून सांगितले, की चित्रपट संपला तिथे त्या बऱ्या झालेल्या नव्हत्या. त्यांची रूपे वीसहून अधिक होती आणि त्यांना आणखी बरीच वर्षे लागली. फेलिदाच्या बाबतीत तर शेवट उलटा झाला. जिला ‘आजारी’ म्हणावे, ती आनंदी अवस्थाच वाढत वाढत तिच्या जवळजवळ सगळ्या आयुष्यावर पसरली. असा शेवट लिहिण्याची हिंमत प्रेमकथेला अजून झालेली नाही.

नको असलेल्या रूपाचा वध किंवा निरोप हा या कथांचा उत्कर्षबिंदू असतो. ‘किल मी, हील मी’मध्ये रूपे एकेक करून निरोप घेतात आणि प्रेक्षक रडतो. प्रत्यक्ष उपचारात कोणाला मारले जात नाही. आधी सुरक्षितता आणि स्थैर्य, मग झालेल्या आघाताशी हळूहळू सामना, मग जमेल तितके एकत्र येणे, अशा टप्प्यांनी उपचार वर्षानुवर्षे चालतात. पुष्कळांत पूर्ण एकीकरण होतही नाही, रूपे एकमेकांशी बोलू लागतात एवढेच. आणि धोका नायकाच्या गळ्याला नसतो. बाह्यरुग्णांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिकांनी आत्महत्येचा प्रयत्न केलेला असतो, असे २०१३ चे अमेरिकन वर्गीकरण सांगते. बहिणीच्या मनगटावर लांब बाहीचा ब्लाऊज असे, तोही उन्हाळ्यात. प्राध्यापिकांनी ते पाहिले होते आणि फॅशन समजून सोडून दिले होते.

इथपर्यंत सगळे सरळ आहे : साहित्य खोटे, आजार खरा. पण प्राध्यापिकांना हे फार काळ टिकवता आले नाही, आणि त्यांच्या टिपणांतला सर्वांत अस्वस्थ भाग इथून सुरू होतो. १९७३ मध्ये फ्लोरा ऱ्हीटा श्रायबर यांचे ‘सिबिल’ प्रसिद्ध झाले, सोळा व्यक्तिमत्त्वांच्या स्त्रीची सत्यकथा म्हणून. त्याआधी वैद्यकीय वाङ्मयात मोजक्या असलेल्या केसेस पुढच्या दोन दशकांत हजारोंच्या घरात गेल्या. २०११ मध्ये डेबी नेथन यांनी त्या पुस्तकाच्या जडणघडणीचा शोध घेऊन त्यातले बरेच काही चिकित्सक, लेखिका आणि रुग्ण यांनी मिळून घडवल्याचे दाखवले. निकोलस स्पॅनोससारख्या मानसशास्त्रज्ञाने तर हा आजारच चिकित्सकांच्या सूचना आणि सांस्कृतिक नमुने यांतून साकारतो, असे मांडले. उलट बाजूचे संशोधक बालपणीच्या तीव्र अत्याचारांशी असलेला संबंध दाखवतात. वाद मिटलेला नाही. इयन हॅकिंग यांनी १९९५ च्या ‘रीरायटिंग द सोल’मध्ये निराळा मुद्दा काढला : माणसांचे वर्गीकरण केले की माणसे त्या वर्गीकरणाला प्रतिसाद देतात आणि त्यामुळे वर्गीकरणही बदलते. तसे असेल तर प्रेमकथा आजाराचे चुकीचे चित्र काढून बाहेर उभी राहत नाही. ती रुग्णाला आपले दुःख कोणत्या आकारात दाखवावे ते शिकवते. आपल्याकडे त्याला अंगात येण्याचा आकार मिळत आला, आणि २०१३ च्या वर्गीकरणाने संचाराच्या अनुभवालाही या आजाराच्या व्याख्येत जागा दिली.

मग चित्रपट पाहून आलेल्या बहिणीने काय घेतले असेल? प्राध्यापिका या प्रश्नाला घाबरत. तिने मंजुलिकेचे काही घेतले नाही, हे त्यांना दिसत होते. घेतले ते घरच्यांनी. पुढचे काही महिने यजमान तिच्या चढलेल्या आवाजात दुसरी बाई शोधू लागले. एकदा थट्टेत त्यांनी तिला त्या नर्तकीच्या नावाने हाक मारली, मुलीसमोर. शांत, विसराळू, प्रश्न विचारणारी बाई ही या आजाराची रुग्ण असू शकते हे कोणाच्या मनात आले नाही, कारण रुग्ण कशी दिसते हे आता सर्वांना माहीत होते. निदान व्हायला आणखी चार वर्षे लागली. वाङ्मयीन असंभाव्यतेची एवढी किंमत एखाद्या घराने मोजल्याचे उदाहरण समीक्षाग्रंथांत सहसा सापडत नाही. वाचकाच्या अपेक्षाक्षितिजाबद्दल शिकवताना प्राध्यापिका एरवी सफाईने बोलत. त्या वर्षी ते व्याख्यान त्यांनी सहकाऱ्याला घ्यायला सांगितले.

एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने या विषयावर प्रबंधिका लिहायला घेतली तेव्हा तिने विचारले, ‘‘बाई, मग यावर खरी प्रेमकथा लिहिताच येणार नाही का?’’ त्यांनी उत्तर दिले नाही, फेलिदाची घोडागाडी तेवढी वाचायला दिली.

निदानानंतर बहिणीच्या डॉक्टरांनी तिला एक साधी वही ठेवायला सांगितली होती. जी जागी असेल तिने त्यात लिहावे, बाकीच्यांनी वाचावे. वही स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर असते. तिच्यावर नाव नाही. एका दुपारी बहीण निजली होती आणि प्राध्यापिका स्वतःच चहा करायला उठल्या. साखर कुठे आहे ते सापडेना, म्हणून त्यांनी वही उचलून बाजूला ठेवली, तर ती उघडी पडली. पानाच्या मध्यावर उभ्या अक्षरात लिहिले होते : ‘साखर आणली आहे. पुन्हा आणू नये.’ खाली तिरप्या अक्षरात, वेगळ्या शाईने : ‘बरं. कुठे ठेवलीस?’ त्याखालची ओळ अजून रिकामी होती.